तुळईला कान

मंगळवार, १६ सप्टेंबर

वरच्या फळीवरचा शेवटचा डबाही खाली उतरवला. त्यात आकाशकंदील आणि ख्रिसमसचे दिवे, एकमेकांत गुंतलेले. हातोडी नाही. शिडी मिटवली. गॅरेजचं दार खाली घेतलं.

अपर्णाला फोन केला. ती सध्या जॉर्जियात अल्फारेटाला आहे, मुलाकडे, विवेककडे. नातीचं डे-केअर सुरू होईपर्यंत तिथेच राहणार.

"तूच कुठेतरी ठेवली असशील," ती म्हणाली.

"मी हातोडी कुठेतरी ठेवत नाही."

"रिटायर माणसाला कशाला हवी आहे ती? न्यू जर्सीतले पूल तुझ्याशिवाय उभे आहेत अजून."

"प्रतापच्या बेसमेंटची भिंत बघायची आहे."

"मग दुसरी घे."

दुसरी मिळते. पण काँक्रीट तपासताना ते ठोकून ऐकायचं असतं. भरीव असेल तर ठण वाजतं. आत पापुद्रा सुटला असेल तर भद्द. हा फरक कान एका हातोडीवर शिकतो. दुसरी घेतली की पुन्हा शिकावं लागतं. माझ्या हातोडीच्या दांड्याला लाल टेप गुंडाळलेली आहे, करंगळी येते तिथे. एप्रिलपर्यंत ती खिळ्यावर टांगलेली होती, हे नक्की आठवतं. एप्रिलमध्ये अपर्णा लेकीकडे, सावनीकडे गेली त्याच्या आदल्या दिवशी मी गॅरेज झाडलं होतं.

प्रतापला सांगितलं, पुढच्या आठवड्यात बघू.

गुरुवार, १८ सप्टेंबर

फ्रीजवर मॅग्नेटखाली एक पाकीट आहे. अपर्णा विसरून गेलेली दिसते. आत क्विल आयलंडच्या बोटीचं तिकीट. मेन राज्य. या शनिवारचं. एका माणसाचं.

या शनिवारी ती अल्फारेटाला असणार हे तिला जुलैपासून माहीत होतं. विमानाचं तिकीटही तिनेच काढलं. तारखांचा घोळ घातलान. फोन केला.

"अगं, बोटीचं तिकीट इथेच राहिलं."

"हो का? वाया जाणार मग."

"परत करता येतं का?"

"नाही. नॉन-रिफंडेबल. आणि तू जाऊ नकोस हं. सावनीने तुला बोलावलेलं नाही."

"मी जातो असं कुठे म्हणालो?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं. जाणार असतास तर म्हटलं असतं, तिकडे वारा फार असतो. निळा स्वेटर खालच्या खणात आहे."

मी जाणार नाही तर स्वेटरचं कशाला सांगितलं, कळलं नाही. हल्ली ती असं बोलते.

सावनी कलाकार आहे, तिचं काम तिथल्या प्रदर्शनात मे महिन्यापासून लागलेलं आहे. सीझन या रविवारी संपतो. मी पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी ब्रुकलिनला तिच्या ओपनिंगला गेलो होतो. भिंतीवर लोखंडी फळी होती, तिच्यावर दगड. फळीला भिंतीत धरून ठेवणारे बोल्ट, म्हणजे अँकर, प्लास्टरबोर्डच्या पोकळ भिंतीसाठी चालणारे नव्हते. मी तिला सांगितलं. ती तेव्हा गॅलरीच्या मालकाशी बोलत होती. अँकर दुसऱ्या दिवशी बदलले. म्हणजे माझं बरोबर होतं. रात्री पार्किंगमध्ये ती म्हणाली, "बाबा, तू बघायला येत नाहीस. तपासायला येतोस. नेक्स्ट टाइम नको येऊस."

तेव्हापासून तिचा फोन अपर्णाला येतो. माझ्या वाढदिवसाला मेसेज आला. मी अंगठा पाठवला.

अँकर चुकीचे होते हे तिनेही मान्य केलं. मग राग कशाचा, ते अजून कळलेलं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी मेनकडे निघालो. मग पटेना, पुढच्या एक्झिटला गाडी वळवली, घराकडे. थोडं अंतर गेल्यावर कॉफी प्यायला थांबलो. कॉफी पिऊन पुन्हा वळवली, उत्तरेकडे. तिकीट वाया जाण्यात अर्थ नाही.

कनेटिकटमध्ये एका पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं होतं. वरच्या गर्डरच्या टोकाला गंजाचा ओघळ. जॉइंट गळतो आहे. इतका वेळ थांबलो की सगळा गर्डर बघून झाला.

सावनी लहान असताना आम्ही रविवारी आयसेलिनला देशी दुकानांत सामान आणायला जायचो. येताना मी एखाद्या पुलाखाली गाडी थांबवायचो. अपर्णा गाडीतच बसायची. दही आंबतंय, कोथिंबीर सुकते आहे, असं काचेतून ओरडायची. मी सावनीला खांद्यावर घ्यायचो. ती दोन्ही हातांनी हातोडी धरून मारायची आणि मग काँक्रीटला कान लावायची. कान लावायची गरज नसते, हातभरावरूनही ऐकू येतं. पण मी लावतो म्हणून ती लावायची. ठण वाजलं की म्हणायची, हा जागा आहे. भद्द वाजलं की, हा झोपलाय. रिपोर्टात त्याला वेगळा शब्द आहे.

पुढे तिला सॉकर सुरू झालं. रविवार गेले.

मोटेलमध्ये उतरलो आहे. खिडकीतून धक्का दिसतो. उद्याचं ठरवलं आहे. बघायचं. कशाला हात लावायचा नाही. कुणाला काही सांगायचं नाही. शेवटच्या बोटीने परत. सावनीला कळण्याचं कारण नाही. ती प्रॉव्हिडन्सला शिकवते, सीझनच्या शेवटी फक्त सामान उतरवायला येते, असं अपर्णाने मागे सांगितलं होतं.

निळा स्वेटर आणला आहे.

शनिवार, २० सप्टेंबर. दुपार

बेटावर आहे. जुन्या शाळेच्या पायरीवर बसून लिहितो आहे.

बोट लहान. धक्क्यावर रूथ नावाच्या बाई होत्या, सत्तरीच्या. बेटाची सगळी व्यवस्था त्याच बघतात. नकाशा देताना त्यांनी सांगितलं की इथे पूर्वी सार्डिन डब्यात भरायचा कारखाना होता. तो बंद पडला, माणसं गेली, घरं रिकामी राहिली. इथल्याच एका बाईंनी जपानमधलं एक छोटं बेट पाहिलं होतं. तिथे अशाच रिकाम्या घरांत कलाकारांनी एकेक खोली केलेली आहे आणि लोक दिवसभर या घरातून त्या घरात चालत फिरतात. त्यांनी परत येऊन इथे तेच सुरू केलं.

"तुम्हाला कोणाचं काम बघायचं आहे?" रूथनी विचारलं.

"सगळ्यांचं," मी म्हणालो.

पहिल्यांदा कारखाना. आत जमिनीवर सार्डिनच्या डब्यांची झाकणं पसरलेली आहेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ऊन आलं की छतावर त्यांचा उजेड हलतो. मासळीच्या थव्यासारखा. वास मात्र कसलाच नाही. आमच्याकडे मासळीचं काही करायचं तर वास आधी यायचा.

दुसरं घर एका जपानी कलाकाराचं. दारात बूट काढायची पाटी. अमेरिकन माणसं एका पायावर नाचत बूट काढत होती. मी पाटी वाचायच्या आधीच काढले होते. खालच्या मजल्याची जमीन काढून टाकली आहे. भरती आली की समुद्राचं पाणी घरात शिरतं आणि ओहोटीला जातं. आपण माळ्यावर बसून खाली बघायचं. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढते तिथे रोज नवी रेघ. मी बराच वेळ बसलो. खाऱ्या पाण्याने खिळ्यांचं काय होत असेल हा विचार आला. तो बाजूला ठेवला. मग फक्त पाणी बघितलं. पाणी चढत होतं.

हे मला जमलं. नोंद करून ठेवतो.

माळ्यावर शेजारी एक तरुण जोडपं होतं. मुलगी कुजबुजली, "अरे, किती शांत वाटतंय यार." मी मान वळवली. तिने लगेच ओळखलं.

"काका, तुम्ही मराठी?"

"हो. पार्सिपनी."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? तुम्ही बूट काढून कडेला नीट लावून ठेवलेत, तेव्हाच मी याला म्हटलं, हे आपल्याकडचे."

मुलाचं नाव बुद्धभूषण. नागपूरचा. बॉस्टनजवळ औषधांच्या कंपनीत आहे. मुलगी सोनल, त्याची बायको. त्याला जुन्या लेण्यांचं वेड आहे. सोनल म्हणाली, "आमचा हनीमूनसुद्धा लेण्यांमध्ये झाला काका. वटवाघळांसोबत."

"एकच वटवाघूळ होतं," तो म्हणाला.

एकटाच कसा आलात, असं त्यांनी विचारलं. तिकीट उरलं होतं, असं सांगितलं.

मधेच अपर्णाचा फोन.

"काय करतोयस?"

"काही नाही. घरी."

"ते काय ओरडतंय?"

"पक्षी."

"पार्सिपनीत?"

"टीव्हीवर."

"बरं. स्वेटर घातलास का टीव्ही बघताना?"

हो म्हणालो. घरात स्वेटर कशाला, हे तिच्या लक्षात आलं नाही. बरंच झालं.

लॉब्स्टर रोल खाल्ला. शेवंड ताजी. पण तिखट नाही, कोकम नाही. पावात घालून थंड देतात. सोनलने पर्समधून चटणीची डबी काढली. तिघांनी घेतली.

नकाशावर आता एकच जागा उरली आहे. बोटींची जुनी शेड. सावनी टिपणीस, 'संडे'. मुद्दाम शेवटी ठेवली.

शनिवार, संध्याकाळ

शेवटची बोट गेली. मी बेटावरच आहे. झालं ते क्रमाने लिहितो.

शेड समुद्राला लागून आहे. लाकडी, जुनी. दाराशी लाकडी पट्टीवर हातोड्या टांगलेल्या. लहान, एकसारख्या. प्रत्येकीच्या दांड्याला लाल टेप. करंगळी येते तिथे. मी एक घेतली. वजन बरोबर होतं.

आत वर आडव्या तुळया. तुळयांना स्टीलच्या केबलने काँक्रीटच्या लाद्या टांगलेल्या आहेत, दरवाजाएवढ्या, जमिनीपासून वीतभर वर. लोक त्यांच्यामधून फिरतात आणि ठोकून बघतात. काही ठण वाजतात. काही आतून पोकळ ठेवलेल्या आहेत. बाहेरून फरक दिसत नाही. मुलं पळत होती. सगळी शेड वाजत होती.

भिंतीवर एक कागद होता. त्यावर एकच ओळ. जे झोपलेत ते शोधा.

दाराशी तसल्याच कागदांची चळत होती. त्यातला एक घेतला. घडी करून खिशात ठेवला.

बुद्धभूषण नाव वाचत होता. "काका, आर्टिस्ट मराठी आहे. टिपणीस. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"नाव ऐकलं आहे."

सोनलने एक लादी ठोकली. "मला सगळं सेमच ऐकू येतंय. टण टण टण."

"मनगट सैल सोड. हातोडी तिच्या वजनाने पडू दे. आता इथे मार. आता इथे."

"अय्या!" ती म्हणाली. "इथे आत कुणी नाहीये."

"कान लाव," मी म्हणालो. गरज नव्हती.

मग मी वर बघितलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. प्रत्येक लादीचं वजन मनात मांडलं. केबल बघितली. कडीचे आयबोल्ट तुळईतून आरपार नेलेले, वरून मोठे वॉशर, दुहेरी नट. वजन तुळईवर सारखं वाटलेलं. पुन्हा हिशोब केला. बरोबर. सगळे अँकर बरोबर होते. एकही चूक नाही. मी प्रत्येक लादीशी उभा राहून बघितलं आणि एकही चूक नाही.

हे तिला कुणी शिकवलं, विचारायला हवं होतं.

शेवटची लादी समुद्राकडच्या भिंतीजवळ आहे. तिला ठोकलं. ठण वाजली. पण माझ्या बाहीवर काहीतरी पडलं. तपकिरी, पिठासारखं. झटकलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा पडलं.

तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे वर एक डाग होता. छप्पर गळतं आहे. डाग जुना आणि कडेने ओला.

कोपऱ्यात बाक होता. तो ओढला.

"काका, पडाल!" बुद्धभूषणने येऊन बाक धरला. "उतरा. मी चढतो."

"तू धर फक्त."

तुळईला बोटाच्या पेराने ठोकलं. मधल्या भागात चांगलं लाकूड. भिंतीकडे सरकत गेलो. मग आवाज बदलला. कान लावून ठोकलं. आवाज नव्हताच. आत भुसा आहे. बाहेरचं कवच तेवढं तुळईसारखं दिसतं.

तिची चूक नाही. मे महिन्यात ते कोरडं असेल. पण लादी कोसळताना हे कुणी विचारत नाही.

"हे पण पार्ट ऑफ द पीस आहे का?" सोनलने विचारलं.

"नाही."

"काका, तुम्ही इंजिनियर?"

"होतो."

लादीभोवती एक लहान मुलगी फिरत होती. तिच्या आईला सांगितलं, त्या बाजूला न्या, इथे वारा लागतो. बाक आडवा करून लादीसमोर ठेवला. कुणी जाऊ नये एवढ्यासाठी. तिघे मिळून बाहेर आलो.

मी धक्क्यावर जाऊन बसलो. रूथ तिथेच दोर गुंडाळत होत्या. त्यांना सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती.

सांगितलं तर शेड बंद होईल. सीझनचा शेवटचा दिवस उद्या आहे, आणि सर्वांत जास्त लोक उद्याच येतील. सावनीला फोन जाईल. तिला कळेल की बाबा न बोलावता आला, आणि येऊन त्याने तेच केलं. ब्रुकलिननंतर वर्ष गेलं. यानंतर किती जाईल सांगता येत नाही.

नाही सांगितलं तर ती तुळई कदाचित अजून दहा हिवाळे काढेल. कदाचित उद्या दुपारपर्यंतही नाही. पुलाचं मी सांगू शकतो. कुजलेल्या लाकडाचं कुणीच सांगू शकत नाही.

घरी जाऊन नाव न देता ईमेल करावी असंही मनात आलं. पण ईमेल वाचली जाईपर्यंत लोक त्या लादीजवळ असतील.

बोट आली. लोक चढले. बुद्धभूषणने हात पुढे केला. "या काका."

"तुम्ही व्हा पुढे."

"अहो, ही लास्ट आहे!"

"माहीत आहे."

सोनल म्हणाली, "काका, काकूंना काय सांगणार?"

"टीव्ही लांबला म्हणून सांगतो."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतो आहे. बोट सुटल्यावरही दोघं कठड्याशी उभी राहून हात करत होती.

रूथना म्हणालो, "तुमच्या शेडची तुळई कुजली आहे."

त्यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दाखवा."

शेडमध्ये गेलो. मी दाखवलं. त्यांनीही चढून ठोकलं, नखाने खरवडलं, नखाखाली आलेलं बघितलं. मग एक वाईट शब्द उच्चारला आणि त्याबद्दल माफी मागितली. शेडच्या दाराला साखळी घातली. बंदची पाटी लावली.

"आर्टिस्टला फोन करावा लागेल," त्या म्हणाल्या. "कुणी शोधलं म्हणून सांगू?"

"एका व्हिजिटरने."

"नाव?"

"नाव कशाला. व्हिजिटर म्हणा."

त्यांच्या ऑफिसबाहेर थांबलो. दार उघडं होतं. रूथचं बोलणं ऐकू येत होतं, पलीकडचं नाही. त्या म्हणाल्या, नाही, कुणाला लागलं नाही. नाही, तुझे बोल्ट ठीक आहेत, तो माणूस म्हणाला बोल्ट उत्तम आहेत, फक्त लाकूड. मग म्हणाल्या, वयस्कर गृहस्थ आहेत, इंडियन, निळा स्वेटर. मग थोडं थांबून, हो, बोटाने ठोकून. मग, हो. हो, कान लावला. तुला कसं माहीत?

 फोन चालू आहे का असं त्यांनी दोनदा विचारलं.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा गोंधळलेला होता. "ती विचारते आहे, तुम्ही जेवलात का."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं की विचारून सांगते."

नाही जेवलो, असं सांगायला सांगितलं. खरं तेच होतं.

रूथच्या घरी वरची खोली मिळाली आहे. त्यांनी दूध घातलेलं माशाचं सूप दिलं. मासा आणि दूध एकत्र. आई असती तर ताटावरून उठली असती. मी दोन वाट्या प्यायलो.

मी माझं नाव रूथना शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

फक्त एक लिहायचं राहिलं. ती विचारू शकली असती की लाद्या कधी उतरवायच्या, शेड कोण दुरुस्त करणार, तिचं काम गेलं का. रूथ म्हणतात, तिने यातलं काही विचारलं नाही. उद्या पहिली बोट किती वाजता एवढंच विचारलं. ते तिला माहीत असायला हवं, इतक्या वेळा आली आहे.

काय बोलायचं ते ठरवतो आहे. तिकीट अपर्णाचं होतं, वाया जात होतं, इथून सुरुवात करावी. ते खरं आहे. मग अँकरचं सांगावं. अँकर सगळे बरोबर होते हे आधी सांगावं की तुळईचं आधी, हे ठरत नाही. मागच्या वेळी वाईट आधी सांगितलं होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी पहिल्या बोटीने सावनी आली. बरोबर दोन लोखंडी टेकू आणि जॅक आणले होते. धक्क्यावर मी एक टोक धरलं, तिने दुसरं.

"आईचं तिकीट वाया जात होतं," मी म्हणालो.

"हो. तिने सांगितलं."

"अँकर सगळे बरोबर आहेत."

"आय नो, बाबा," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "थँक्स."

रूथनी साखळी काढली. सावनीने पिशवीतून हातोडी काढली. माझी होती. पार्सिपनीच्या गॅरेजमधून ती तिच्याकडे कशी गेली कळत नाही. अपर्णाला विचारायला हवं.

"कुठे?" तिने विचारलं.

दाखवलं. ती बाकावर चढली. पहिल्यांदा मधल्या भागात ठोकलं, मग भिंतीकडे सरकत गेली. मनगट सैल होतं. आवाज बदलला तिथे थांबली आणि तुळईला कान लावला.

"झोपलाय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हा गेलाय."

ती बराच वेळ तशीच ऐकत राहिली. मी बाक धरून उभा होतो.